उणे पाच हजार नऊशे पन्नास

१

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला ताजुन्निसाच्या शिलाई मशीनची सुई सीट कव्हरच्या रेक्झिनमध्ये अर्धी शिरली आणि तिथेच थांबली. डोक्यावरचा पंखाही थांबला. लाईट गेली असेल, येईल पाच मिनिटांत, असं तिला वाटलं. पण रस्त्यापलीकडे सरूबाईची पिठाची गिरणी घरघरत होती आणि वरच्या मजल्यावर मालकांचा टीव्ही मोठमोठ्याने बोलत होता. लाईट फक्त तिच्याच खोलीची गेली होती.

ती दारात आली. मीटरच्या पेटीपाशी वायरमन ज्ञानेश पक्कड खिशात घालत होता.

“थकबाकी, चाची,” तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. “मार्चपासून एक रुपया भरलेला नाही. पाच हजार पाचशे दहा.”

त्यानंतर रहाटणीतल्या त्या अंगणात जो आवाज झाला, तो सरूबाईला गिरणीच्या आवाजातूनही ऐकू गेला. यावरून काय ते समजा. तिने बटण बंद केलं. कुणाची तरी ज्वारी अर्धी दळून तशीच राहिली. वीस वर्षांत चालू दळण तिने एकदाच थांबवलं होतं, नवरा छातीला हात लावून खाली बसला तेव्हा. पदराने तोंडावरचं पीठ पुसत तिने रस्ता ओलांडला.

अंगणात मालकांचा मुलगा शेखर उभा होता. कडक इस्त्री, हातात दोन फोन.

“सरूमावशी, तुम्ही यात पडू नका. करारात लिहिलंय, तीन महिने बिल थकलं की खोली खाली करायची. इथे पाच झाले. रविवारपर्यंत सामान काढा म्हणावं.”

“कुणाला सांगतोस ‘म्हणावं’? ती समोर उभी आहे.”

“सरू, हा मला बिलबुडवी म्हणतो,” ताजुन्निसाचा आवाज फाटला होता. “उन्नीस साल झाले मला हितं. मैं चोर हाय का गं?”

एकोणीस वर्षं. ताजुन्निसाचा नवरा युसुफ मेकॅनिक होता. मालकांचा, म्हणजे मारुतरावांचा, ट्रॅक्टर तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा कब्रस्तानच्या फाटकात, शंभर माणसांसमोर मारुतराव म्हणाले होते, “मी जित्ता हाय तवर ताजूच्या खोलीला कुनाचा हात लागणार न्हाई.” पुढे बिल्डर आला. अकरा खोल्यांपैकी दहा रिकाम्या झाल्या, इमारत पाडायची ठरली. ताजुन्निसाच्या खोलीला मात्र खरंच कुणी हात लावला नव्हता. आजपर्यंत.

ताजुन्निसा आत गेली आणि मशीनच्या खणातून, बॉबिनच्या डबीखालून पाच पावत्या घेऊन आली. मार्च तेराशे, एप्रिल साडेबाराशे, मे तेराशे, जून चौदाशे, जुलै साडेतेराशे. एकही महिना सुटलेला नव्हता.

ज्ञानेशने पावत्या उन्हात धरल्या. “खऱ्या दिसतात, ताई. पण हे पैसे या मीटरला आलेले नाहीत. आणि नोटीसही गेली होती हो पंधरा दिवस आधी. रजिस्टर मोबाईलवर.”

“कुणाच्या मोबाईलवर?”

“मीटर ज्यांच्या नावावर, त्यांच्या. मारुतरावांच्या.”

“अण्णांना दिवसाला पन्नास मेसेज येतात,” शेखर म्हणाला. “त्यांना काय कळतंय त्यातलं? आणि पावत्यांचं म्हणाल तर, त्या मोबाईलवाल्या नुमानला विचारा. छापत असेल घरी.”

सरूबाईने पावत्या घेतल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. तिच्या कानशिलात गिरणीचा दगड फिरत होता. बाईने पाच महिने पैसे मोजून दिले आणि पाच महिने ती बुडवीच राहिली. सहा हजार सहाशे रुपये हवेत कसे विरतील?

२

नुमानचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स, लाईटबिल भरणा, बिलामागे दहा रुपये. दोघींना बघून तो उभाच राहिला. बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

“मौसी, आधीच सांगतो. दहा रुपयांसाठी मी चाचीला फसवीन? माझ्या निकाहच्या गाडीची सीट कव्हरं त्यांनी शिवली होती!”

“ओरडू नकोस. मला ओरडायचंय, त्यासाठी ताकद राखून ठेवली आहे. हा नंबर बघ.”

ज्ञानेशने लिहून दिलेला ताजुन्निसाच्या मीटरचा ग्राहक क्रमांक तिने काचेवर ठेवला. शेवटचे चार आकडे ०४१७. शेजारी पावती ठेवली. पावतीवरचे शेवटचे चार आकडे २२८६.

नुमानने पावतीवरचा नंबर मोबाईलमध्ये टाकला. चक्र फिरलं. नाव आलं, मारुतरावांचंच. खाली आकडा आला, भरायची रक्कम: उणे पाच हजार नऊशे पन्नास.

“उणे म्हणजे?” ताजुन्निसाने विचारलं.

“म्हणजे या मीटरवर कुणाचं बिल बाकी नाही, उलट जास्तीचे पैसे जमा आहेत. तुमचेच, चाची. त्यातून महिन्याला सव्वाशे-दीडशे कापले जातात, बाकी पडून आहेत.”

“उणे दिसत होतं, तरी दर महिन्याला भरत राहिलास?” सरूबाईने टेबलावर हात आपटला. काचेवर पिठाचा पंजा उमटला.

“घाई असते, मौसी,” नुमानची मान खाली गेली. “मालकाचं नाव बरोबर दिसलं. चिठ्ठीत जेवढा आकडा, तेवढा हाताने टाकला. भाडेकरूंची बिलं मालक सांगेल तशीच भरतात सगळे. मी विचारलं नाही. ती माझी चूक.”

“आणि नंबर? हा नंबर कुणी दिला तुला?”

“फेब्रुवारीत माझा फोन बिघडला. गिऱ्हाइकांचे सेव्ह केलेले सगळे नंबर उडाले. मग सगळ्यांना सांगितलं, नंबर परत आणून द्या. चाचींनी ही चिठ्ठी आणली.” त्याने काउंटरच्या काचेकडे आतून बोट दाखवलं. तिथे चिकटपट्टीखाली चिठ्ठ्यांची रांगच होती. एका चिठ्ठीवर बारा आकडे, तेही मराठीत, ठळक, एकेक सुटा काढलेला.

“कडीत मिळाली मला,” ताजुन्निसा म्हणाली. “महिन्याचा आकडा पण तसाच येतो ना, कागदावर, दाराच्या कडीला. मी वरती सांगून आले होते, नंबर पाहिजे म्हणून. दुसऱ्या दिवशी कडीत चिठ्ठी.”

“वरती कुणाला सांगितलंस?”

“जिन्यातून हाक मारली. कोण कोण होतं, काय माहीत. सगळेच असतात.”

सरूबाईने चिकटपट्टी नखाने सोलली. चिठ्ठी सुटून हातात आली. जाड कागद, जुन्या कॅलेंडरचा. तिने ती उलटी केली.

मागच्या बाजूला निळ्या पेनने लिहिलं होतं: ‘नाचणी ३. दोनदा.’

सरूबाई बघतच राहिली. ते अक्षर तिचं स्वतःचं होतं.

३

सरूबाईच्या गिरणीत डब्यावर नाव लिहायची पद्धत नव्हती. डबे तिला माणसांसारखे ओळखू यायचे, पोचे आणि कडीकोयंड्यांसकट. चिठ्ठीवर ती फक्त दाणा, किलो आणि कसं दळायचं एवढंच लिहायची. पीठ झालं की चिठ्ठी त्याच डब्यावर ठेवून झाकण दाबायची. म्हणजे ती चिठ्ठी दुकानातून नव्हे, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून निघाली होती. तिच्याच गिरणीच्या चिठ्ठीने तिच्याच मैत्रिणीचा गळा कापला होता. बुधवारी सकाळी ती मालकांचा जिना चढली तेव्हा तिचे कान तापलेले होते.

मारुतरावांच्या घरात दोन चुली होत्या. खाली म्हातारा-म्हातारी, वर शेखर आणि त्याची बायको तेजस्विनी. भांडण नव्हतं, फक्त तेल वेगळं, मीठ वेगळं, टीव्ही वेगळा.

तेजस्विनीने तिला ओट्याजवळच स्टूल दिलं.

“मावशी, मला फार वाईट वाटतंय. चिठ्ठ्या मीच लिहिते ना. मामंजी मेसेज बघून आकडा सांगतात, मी कागदावर लिहून ताजूचाचींच्या कडीत अडकवते.” तिने ड्रॉवरमधून लहान पिवळ्या कागदांचा गठ्ठा काढून दाखवला. त्यावर इंग्रजी आकडे, वळणदार.

“फेब्रुवारीत नंबर लिहून दिलास?”

“नंबर? नाही हो. मला वाटलं नुमानकडे असेलच.”

सरूबाईची नजर ओट्यावरच्या पाकिटाकडे गेली. नाचणीचं पीठ, मॉलमधलं, वर हसऱ्या बाईचा फोटो.

“नाचणी खातेस वाटतं?”

“वर्ष झालं. वजन उतरतं ना. राग मानू नका मावशी, पण गिरणीच्या पिठात कचकच लागते. हे हायजिनिक असतं.”

सरूबाईने राग मानला. पण तो आत्ता काढायचा नव्हता. तिने पाकिटावरच्या हसऱ्या बाईकडे एकदा बघितलं आणि खाली उतरली.

शेखर फाटकाशी फोनवर होता. त्याला ती सरळच म्हणाली, “तुला ती गेलेली हवी आहे.”

“हवी आहे. लपवतोय कुठे?” शेखरही तापला. “दोनदा तिच्या तोंडावर सांगितलं, दोन लाख देतो, दुसरी खोली बघून देतो, जा. विचारा तिला. अण्णाच आडवे आले. म्हणे, शब्द दिलाय. बिल्डर रोज माझं डोकं खातो आणि यांचा शब्द! मी भांडीन मावशी, कोर्टात जाईन. पण चिठ्ठ्यांचे खेळ करायला मला वेळ नाही.”

“तुमच्या नावावर मीटरं किती?”

“खोल्यांची अकरा, वरचं एक, खालचं एक. बस.”

“अजून कुठलं?”

“निघोज्याला गोठा होता, त्याचं होतं. गोठा पाडला तेव्हाच अण्णांनी काढून टाकलं. चार वर्षं झाली.”

खालच्या घरात मारुतराव पाटावर बसून जेवत होते. परातीत तपकिरी भाकरी दुधात कुस्करलेली. अंबुबाई शेजारी बसून वाढत होती. ती तशी कमीच बोलायची. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, अंगठा उठवणारी, पण कुणाच्या ताटात काय कमी आहे ते तिला बरोबर दिसायचं.

“ये सरू. बस.” मारुतरावांनी घास थांबवला. “ताजूचं लई वाईट झालं बघ. मला काल धरनं अन्न ग्वाड लागंना.”

“अण्णा, मेसेज तुमच्या फोनवर येतात.”

“येत्यात. पण आमी काय शिकलेली मानसं हाय व्हय? मेसेज-बिसेज पोरं बघत्यात. आमाला त्यातलं शाट कळत न्हाई.” त्यांनी डोळे पुसले. ते खरंच ओले होते. “मी हाय तवर हात लागू दिला नसता. पण तिनंच बिल बुडवलं म्हनल्यावर मी गावाला काय तोंड दावू? कायदा हाय त्यो.” मग घास चावता चावता ते थबकले. “अंबे, ह्यात कण हाय की. ह्या कवळीखाली आला का जीव जातुय.”

अंबुबाईने परातीत आणखी थोडं दूध ओतलं.

सरूबाई अंगणात आली तोच फोन वाजला. ज्ञानेश.

“ताई, तो २२८६चा नंबर बघितला. आपल्या भागातला नाहीच, चाकणकडचा. निघोजे. गोठा म्हणून नोंद आहे.”

“तो तर काढून टाकलाय ना?”

“कोण म्हणालं? मीटर चालू आहे. परवाच रीडिंग झालंय.”

४

गुरुवारीही गिरणी बंदच. दारावर पाटी: ‘दळण उद्या’. गिऱ्हाइकं शिव्या देतील, देऊ देत. चाकणच्या बसमध्ये ताजुन्निसा खिडकीशी बसली होती, मांडीवर हात, हातात काहीच नाही. वीस कव्हरं शनिवारी द्यायची होती आणि मशीन तसंच अर्ध्या टाक्यावर उभं होतं.

“याच बसने मई में गेले होते यास्मिनकडे,” ती म्हणाली. “लेकीचं बाळंतपण. पूरा महिना तिथंच. मेन स्विच बंद करून, कुलूप लावून.”

“पूर्ण महिना?”

“पूर्ण. तरी तेराशेची चिठ्ठी आलीच कडीत. मी म्हटलं, असेल काही. मालकाला काय विचारायचं?”

सरूबाईने पदराची गाठ सोडली आणि पावत्या मांडीवर पसरल्या. सहा हजार सहाशे भरलेले. ज्ञानेशने सांगितलेली थकबाकी पाच हजार पाचशे दहा. तिने बोटांवर मे वजा केला आणि तिथे बंद खोलीचे शे-दीडशे धरले. वर थोडं व्याज. आकडा जवळपास पाच हजार पाचशे दहावरच आला.

“आपा,” ती हळू म्हणाली, “मेचं बिल शंभर-दीडशेच होतं. तेराशे हा आकडा मेसेजमध्ये नव्हताच. तो कुणाच्या तरी डोक्यातून निघाला.”

“क्यों?”

“मेसेजमधला खरा आकडा सांगितला असता तर थकबाकी दिसली असती. बाकी वाढत चालली होती ना! म्हणून कुणीतरी अंदाजाने गेल्या महिन्यासारखाच आकडा सांगत गेलं. तू गावाला गेलीस, तेवढं मात्र त्याच्या ध्यानात राहिलं नाही.”

निघोज्याला उतरल्यावर चालायला बरंच होतं. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या लांबलचक भिंती, मध्ये कंटेनरची रांग. त्या भिंतींच्या बेचक्यात दोन एकर मोकळी जमीन राहिली होती. गोठा नव्हता, पण त्याची एक भिंत ठेवलेली होती, आणि त्या एकट्या भिंतीवर मीटरची पेटी. पेटीखाली बल्ब. भर दुपारी तो पेटलेला होता.

राखणदार नवनाथ बाजेवरून उठला. त्याने पाणी दिलं, नाव-गाव विचारलं, मग गप्पांना बसला.

“भिंत पाडायची न्हाई म्हनून मालकांची सक्त ताकीद. लाईटबिल चालू असलं की जागेवर आपला कबजा दिसतुय म्हनत्यात. आजूबाजूला कंपन्या हायती, कवा कोन कुंपण सरकवील सांगता येत न्हाई.”

“शेखरला माहीत आहे, मीटर चालू आहे ते?”

नवनाथ हसला. “शेखरशेठ दिवाळीत आले हुते. म्हनले, हे डबडं अजून काढलं न्हाई व्हय? मालक म्हनले, कवाच बंद केलंय, नुसता डबा हाय. मला मागनं म्हनले, शेठ आला की बल्ब बंद ठिवायचा. शेठला हे मीटर काढूनच टाकायचंय, फुकाचा खर्च म्हनून.”

“मग बिल कोण भरतं?”

“मालकच की. नंबर त्येंना तोंडपाठ हाय, देवाच्या नावावानी. बारा आकडं.”

ताजुन्निसा रडली नाही. भिंतीवरच्या त्या पेटलेल्या बल्बकडे बघत राहिली. तिच्या अंधाऱ्या खोलीचे पैसे इथे उन्हात जळत होते.

“सरू,” ती म्हणाली, “चल. आता मला वापस जायचंय. मला त्याला विचारायचंय.”

“उद्या. सगळ्यांसमोर.”

५

शुक्रवारी सकाळी सरूबाईने कुणालाही बोलावणं पाठवलं नाही. गिरणीचं बटण दाबलं नाही एवढंच. दहा वाजेपर्यंत डबे घेऊन आलेल्या बायका, नुमान, पेटीपाशी थांबलेला ज्ञानेश, जिन्यातून उतरलेले शेखर आणि तेजस्विनी, सगळे आपोआप अंगणात जमले. मारुतराव ओट्यावर बसले होते. अंबुबाई दारात उभी.

“माझं दळण थांबलंय चार दिवस,” सरूबाई म्हणाली, “म्हणून लवकर सांगते. ताजूआपाचे पैसे नुमानने खाल्ले म्हणून गल्ली बोलत होती. नुमानला पैसे हवे असते तर ते त्याच्या खिशात गेले असते. ते गेले निघोज्याच्या गोठ्याच्या मीटरवर. तिथून ना काढता येतात, ना खाता येतात. म्हणजे हे करणाऱ्याला पैसे नको होते. त्याला फक्त आपाच्या नावावर थकबाकी हवी होती.”

सगळ्यांच्या माना शेखरकडे वळल्या. शेखरचा चेहरा लाल झाला.

“त्याच्याकडे बघू नका. याला वाटतं ते मीटर चार वर्षांपूर्वीच काढलंय. ज्या मीटरचा पत्ता नाही, त्याचा नंबर कुठून देईल? आणि याने आपाला तोंडावर सांगितलंय, जा म्हणून. उद्धट आहे, पण समोरून बोलतो. तेजस्विनीचे आकडे इंग्रजी, आणि तिच्या घरात माझ्या गिरणीची नाचणी शिवतही नाही. तिला हसऱ्या बाईची लागते.”

कुणीतरी फिसकन हसलं. सरूबाई हसली नाही. तिने चिठ्ठी वर धरली.

“ही नंबराची चिठ्ठी. मागे माझं अक्षर. नाचणी तीन, दोनदा. या रहाटणीत नाचणी खाणारे पुष्कळ, पण दोनदा दळून नेणारा डबा एकच. पितळी, एका बाजूला पोचा. कवळीखाली कण लागतो म्हणून.”



“अण्णा, तुम्ही मला म्हणालात, मेसेज पोरं बघतात. सून म्हणते, आकडा मामंजी सांगतात. मेमध्ये आपा गावात नव्हती, मीटर झोपलं होतं, तरी तुम्ही तेराशे सांगितले. नोटीस तुमच्या फोनवर आली, पंधरा दिवस तुम्ही गप्प. नुमानचा फोन बिघडला, आपाने जिन्यात हाक मारली, आणि तुम्हाला वाट सापडली. घरात तो नंबर तुम्हालाच पाठ. अंबुवहिनीला लिहिता येत नाही. उरलं कोण?”

मारुतराव हातातल्या काठीकडे बघत राहिले. शेखर पुढे सरकला.

“अण्णा? मी एवढा भांडलो तुमच्याशी, तेव्हा तर तुम्ही शब्दाचं—”

“शब्दच तर वाचवायचा होता त्यांना!” आता मात्र सरूबाईचा आवाज चढला. चार दिवसांचा राग एकदम बाहेर पडला. “बिल्डरचा फ्लॅट हवा, आणि गावात नावही हवं. तिला जा म्हटलं तर शब्द मोडला असता. म्हणून तिलाच बुडवी करायचं. मग वर डोळे पुसायला मोकळे! तोंडाने बोलायची हिंमत नाही, तर मीटरला बोलायला लावलंत. तिने पाच महिने रेक्झिन शिवून शिवून तुमच्या मोकळ्या भिंतीवर बल्ब जाळला, अण्णा. भर दुपारी!”

“मी तिला मागनं पैसं देणार हुतो,” मारुतराव पुटपुटले. “कुनाचं ठिवलं नसतं.”

“पैसे?” ताजुन्निसा पहिल्यांदा बोलली. “भाऊ, अंगणात चार माणसांसमोर मला चोर म्हणाले. ते कुठल्या मीटरवर जमा होतं?”



शेवटी शेखरच हलला. नुमानच्या फोनवरून त्याने ०४१७ या मीटरची सगळी बाकी भरली, जोडणीच्या पैशांसकट. ज्ञानेशने कागद पुढे केला. गोठ्यावरची जमा रक्कम खोलीच्या मीटरवर वळवा, असा अर्ज. दोन्ही मीटर एकाच नावावर, तेव्हा अर्ज मालकानेच करायचा. मारुतरावांनी तो लिहिला. बारा आकडे, न बघता, मराठीत, ठळक, एकेक सुटा. चिठ्ठी शेजारी ठेवायची कुणाला गरज पडली नाही.

तासाभरात वरून ऑफिसचा होकार आला आणि ज्ञानेशने वायर जोडली. ताजुन्निसाच्या खोलीतला पंखा फिरायला लागला. ती मात्र आत गेली नाही. ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

“भाऊ, मी जाईन. मला कोर्ट नको, दोन लाखांसाठी भांडण नको. पण तू तोंडाने सांग. एकदाच. ‘ताजू, मला जागा पाहिजे, तू जा.’ माझ्याकडे बघून सांग. आजच निघते.”

मारुतरावांनी मान वर केली. तोंड उघडलं. समोर बायका होत्या, नुमान होता, कब्रस्तानच्या फाटकात त्या दिवशी उभी असलेली दोन-चार माणसंही होती. ओठ हलले. आवाज आला नाही. मान पुन्हा खाली गेली.

ताजुन्निसाने बराच वेळ वाट बघितली. घाई केली नाही.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “नाही सांगत ना? मग मी राहते. ज्या दिवशी बोलता येईल, त्या दिवशी हाक मार.”

ती आत गेली. अर्ध्या टाक्यावर अडकलेली सुई हलली आणि मशीन रेक्झिनवरून धडधडत सुटलं. शेखरने बिल्डरचा आलेला फोन कापला. दोन्ही फोन खिशात टाकून तो बापाकडे बघत राहिला, आणि मग फाटकाबाहेर गेला.

सरूबाईने गिरणी उघडली. अर्धी राहिलेली ज्वारी आधी काढली, मग रांग. चौथा डबा पितळी होता. एका बाजूला पोचा.

अंबुबाई स्वतः आली होती. पदर घट्ट लपेटलेला, डोळे कोरडे. सरूबाईने सवयीने कॅलेंडरचा तुकडा ओढला, निळं पेन घेतलं. नाचणी ३.

“एकदाच काढ, सरू,” अंबुबाई म्हणाली.

“एकदाच? अण्णांना कण लागतो ना, वहिनी.”

“लागू दे.”